मासे गेले आणि मशीनं उठेनात

पहिल्या मशीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीला येऊन थांबल्या. कीबोर्डवरचे दिवे लुकलुकायला लागले. दुसऱ्या मशीनवर तेच. मी तिसऱ्याच्या बटणाकडे हात नेला.

"अहो ताई, आता सगळी लावून बघणार का? सगळी तशीच आहेत. सकाळपासून मीही तेच बघतेय," देशमाने बाई मागून म्हणाल्या.

बाईंचा वारज्यात टायपिंगचा क्लास आहे. दिवाळीची सुट्टी संपवून त्यांनी त्या दिवशी क्लास उघडला, तर एकही मशीन उठेना. दुसऱ्या दिवशी तिथेच मुलींची परीक्षा होती. त्याआधी, म्हणजे त्याच दुपारी चारला, परीक्षेचा माणूस मशीनं तपासायला येणार होता. मशीनं चालू दिसली नाहीत तर तो केंद्र रद्द करणार. केंद्र रद्द झालं की मुली बसणार सहा महिन्यांनी. जिन्यात दोन-तीन मुली सरावाला येऊन बसल्या होत्या. आत घेता येत नव्हतं, म्हणून एक जण स्वतःच्या गुडघ्यावरच बोटं चालवत होती. ती मला दारातून दिसत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

ती मशीनं आमच्या दुकानाची. सदाशिव पेठेत वैद्य काकांचं जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून द्यायचं दुकान आहे. माझी बहीण विचारते, "तू तिथे झाडू मारतेस की कॉम्प्युटर विकतेस?" सुरुवातीला झाडूच मारत होते. मग कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढायला लागले. मग कुठली पट्टी कुठे बसते ते कळलं. आता डिस्कची कॉपी मी करते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. इंग्रजी अक्षरं ओळखते, शब्द अडखळत वाचते. गिऱ्हाइकाशी बोलणं मात्र मला कधी जमलं नाही. ते काका करतात. पण काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते डोळ्यावर पट्टी बांधून घरी बसले होते. म्हणून वारज्याला मी एकटी गेले होते.

मी काकांना फोन लावला.

"काका, पॅनिक आलंय."

"मशीनला की तुला?"

"मशीनला. सगळ्याच."

"स्क्रीन काळी आहे?"

"नाही, अक्षरं आहेत."

"मग मेलेलं नाही, बोलतंय. काय बोलतंय ते अनिकेतला पाठव. मला एका डोळ्याने व्हॉट्सॲप दिसत नाही."

अनिकेत हा काकांचा भाचा. आयटी कंपनीत आहे. आमच्या मशीनमधलं कर्नल त्याने बनवून दिलेलं.

कर्नल म्हणजे काय ते मला समजलं तसं लिहिते. मशीनचं बटण दाबलं की आधी आतला मुख्य बोर्ड जागा होतो. बोर्डाच्या पोटात एक लहानसा प्रोग्रॅम कायमचा असतो, त्याला बायोस म्हणतात. बायोस डिस्क शोधतो, तिच्यावरचं कर्नल उचलून आणतो आणि मेमरीत ठेवतो. तिथून पुढे बायोसचं काम संपलं. डिस्क, कीबोर्ड, पडदा, सगळं कर्नलच्या ताब्यात. कर्नलने डिस्क उघडली की बाकीचे प्रोग्रॅम एकेक चालू होतात. त्याला डिस्कच उघडता आली नाही तर ते पुढे काहीच करू शकत नाही. मग ते शेवटची ओळ लिहून थांबतं. त्याला कर्नल पॅनिक म्हणतात.

मी स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. अनिकेतचा लगेच फोन आला.

"ताई, फोटो हललाय. परत काढा ना."

मी कोपर टेबलावर टेकून दुसरा काढला.

"ओके. रूट माउंट होत नाहीये. म्हणजे कर्नलला डिस्क दिसत नाहीये. कुणी अपडेट मारलाय का?"

"इथे इंटरनेटच नाही."

"केबल सैल असेल."

"सगळ्याच मशीनची?"

"हं. बरोबर. तुमच्याकडे स्पेअर डिस्क आहे?"

होती. कुठेही जाताना मी मास्टर डिस्कची, म्हणजे जिच्यावरून आमच्या सगळ्या डिस्क बनतात तिची, एक कॉपी पिशवीत टाकते. निघायच्या आधी ती दुकानातल्या मशीनला लावून पाहिली होती, नीट चालली होती. मी एका मशीनची डिस्क काढून ती लावली. बटण दाबलं. ओळी वर सरकल्या. थांबल्या. दिवे लुकलुकायला लागले.

सकाळी दुकानात चाललेली डिस्क वारज्यात येऊन पॅनिक करत होती. माझ्या कॉपीत काही बिघडलं असतं तर मला निदान कळलं असतं की माझं काय चुकलं. हे तर काहीच कळण्यासारखं नव्हतं.

"अनिकेत," मी हळू आवाजात विचारलं, "डिस्क सापडली म्हणून तर कर्नल आत आलं ना? मग तेच कसं म्हणतं डिस्क दिसत नाही?"

"कारण आत आणणारा बायोस होता, ताई. बायोसला दिसते, कर्नलला दिसत नाही. म्हणजे कर्नलमध्ये त्या डिस्कचा ड्रायव्हर, ती कशी चालवायची ते सांगणारा भाग, नाहीये."

"पण दिवाळीआधी दिसत होती."

"तेच तर. मी तर काही बदललेलं नाही. ताई, माझी मीटिंग आहे. मी सगळे ड्रायव्हर घालून नवीन कर्नल बनवायला लावतो. पण संध्याकाळ होईल."

संध्याकाळ म्हणजे चारनंतर. मी फोन खाली ठेवला तेव्हा देशमाने बाई दुसऱ्या फोनवर बोलत होत्या. बोलून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "पलीकडच्या गल्लीत एक मुलगा आहे. तो म्हणतोय, फॉरमॅट मारतो, तासाभरात सगळी चालू करून देतो. तुमच्याने होत नसेल तर तसं सांगा. राग नाही."

फॉरमॅट म्हणजे डिस्क पूर्ण पुसून नव्याने सगळं घालायचं. मशीनं चालू झाली असती. पण परीक्षेचा प्रोग्रॅम परीक्षेच्या लोकांनी दिवाळीआधी येऊन स्वतः घातला होता आणि कुलूप लावून गेले होते. तो गेला की तो मुलगा काय, आम्ही काय, कुणीच परत आणू शकत नव्हतं. मशीनं चालू असती आणि परीक्षा मात्र झाली नसती.

हे सगळं मला तेव्हा बोलता आलं नाही. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "नको."

"काय नको?"

"त्याला हात लावू देऊ नका." माझा आवाज मलाच मोठा वाटला. जिन्यातली मुलगी बोटं थांबवून आत बघायला लागली. "डिस्कवर परीक्षेचा प्रोग्रॅम आहे. पुसला तर परत येणार नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "मग तुम्ही काय करणार ते सांगा."

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "बघते."

मी खाली फरशीवर बसले. समोर एका मशीनचं कॅबिनेट उघडं होतं. दसऱ्याला पूजेत लावलेलं हळदीकुंकू त्याच्यावर तसंच होतं. आत सगळं जागच्या जागी होतं. धूळही नव्हती. मी मान वर केली. खिडकीजवळ एक लोखंडी स्टँड रिकामा होता. सकाळी आत येतानाही मला तिथे काहीतरी कमी वाटलं होतं, पण घाईत विचार केला नव्हता.

"बाई, इथे माशांची पेटी होती ना?"

"आता मासे कुठे काढलेत मध्येच?"

"नाही, सहज विचारलं."

"दिली भावाला. धायरीला आहे तो. दर सुट्टीत त्यांच्या त्या पंपासाठी लाइट चालू ठेवायची आणि रोज कुणीतरी येऊन खायला घालायचं. मला कंटाळा आला. या वेळी मासे नाहीत, म्हणून पहिल्यांदा मेन बंद करून निवांत गावाला गेले. तर आल्यावर हे."

मी उभी राहिले. बाईंना वाटलं माझ्या पायाला मुंग्या आल्या.

मेन बंद. पूर्ण सुट्टीभर.

मशीन आपण बंद करतो तेव्हा ते पूर्ण बंद नसतं. प्लग चालू असला तर बोर्डाला थोडी वीज मिळत राहते. त्या विजेवर बायोसमधलं घड्याळ चालतं आणि बायोसला सांगून ठेवलेल्या गोष्टी त्याच्या लक्षात राहतात. वीज गेली तर बोर्डावर रुपयाएवढा एक सेल असतो, तो तेवढ्यापुरतं काम करतो. जुन्या मशीनमधले सेल अशक्त असतात. तास-दोन तास लाइट गेली तर निभावतात. पूर्ण दिवाळी नाही निभावणार.

सेल उतरलाय का ते बघायची रीत मला येत होती. मशीन चालू करताना डिलीटचं बटण दाबत राहायचं, बायोसचं निळं पान उघडतं आणि कोपऱ्यात तारीख दिसते. मी दाबलं. तारीख बघितली. मशीनच्या मते आपण कितीतरी वर्षं मागे होतो. माझा धाकटा तेव्हा शाळेत होता.

मी अनिकेतला मेसेज टाकला, मग न राहवून फोनच लावला. मीटिंगमधल्या माणसाला फोन करायचं धाडस मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. त्याने उचलला.

"अनिकेत, सेल उतरलेत. मेन बंद होता. बायोस सगळं विसरलाय. पण घड्याळ मागे गेलं म्हणून डिस्क कशी दिसेनाशी होईल?"

तो म्हणाला, "ताई, त्याच पानावर पुढे जा. बाण दाबत. साटा असं लिहिलेलं शोधा. एस, ए, टी, ए."

मी शोधलं. पान बदलताना चुकून दोनदा बाहेर पडले. तिसऱ्यांदा सापडलं.

"त्याच्या समोर काय लिहिलंय? अक्षरं वाचा."

"ए. एच. सी. आय."

"अरे देवा," अनिकेत म्हणाला. "थांबा, मी मामाला कॉन्फरन्सवर घेतो."

काका आले. "आता काय? मला झोपायला सांगितलंय."

"मामा, मशीन देताना बायोसमध्ये डिस्कचा मोड तू काय ठेवतोस?"

"आयडीई. कायम. जुना मोड, सगळ्या मशीनला चालतो, म्हणजे एकच मास्टर डिस्क सगळीकडे जाते. का?"

"हे मला कधी सांगितलं होतंस?"

"तू कधी विचारलं होतंस?"

अनिकेतने मग मला समजावून सांगितलं. कर्नल बनवताना एक लांबलचक कॉन्फिग असतं, म्हणजे प्रश्नच प्रश्न. हे चालवता यायला हवं का? हो. ते? नाही. जेवढे नकार, तेवढं कर्नल हलकं. काकांनी त्याला सांगितलं होतं, मशीनं म्हातारी आहेत, जमेल तेवढं हलकं कर. त्याने काकांच्या दुकानातलं एक मशीन बघितलं, त्यात डिस्क आयडीई मोडवर, म्हणजे डिस्कशी बोलायच्या जुन्या पद्धतीवर, होती. त्याने तेवढा ड्रायव्हर ठेवला आणि दुसऱ्या मोडचा, एएचसीआयचा, काढून टाकला. त्याला वाटलं आमची मशीनं अशीच असतात. ती तशी नसतात. काका प्रत्येक मशीन दुकानातून बाहेर जायच्या आधी बायोस स्वतःच्या हाताने लावतात. त्या कामाला ते शेवटचा हात म्हणतात आणि तेव्हा दुसऱ्या कुणाला खुर्चीत बसू देत नाहीत. मला वाटायचं ते तारीख-वेळ लावतात.

सेल उतरले, बायोस काकांचा शेवटचा हात विसरला आणि कारखान्यातून आला होता तसा झाला. कारखान्यातून तो एएचसीआयवर येतो. त्या मोडमधली डिस्क आमच्या कर्नलला ओळखताच येत नाही. दुकानातलं मशीन आयडीईवर होतं, म्हणून तिथे तीच डिस्क चालली.

"आता काय करू?" मी विचारलं.

"एंटर दाबा, आयडीई करा, एफ टेन दाबून सेव्ह," अनिकेत म्हणाला.

मी केलं. ओळी वर सरकल्या. नेहमीच्या जागी आल्या तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर क्लासचं निळं चित्र होतं आणि मध्ये परीक्षेच्या प्रोग्रॅमचं चिन्ह, जसं होतं तसं.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"एक झालं."

"मग बाकीची करा की. बघत काय बसलात?"

मला आठवलं. "बाई, आज गुरुवार ना?"

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते. कधी जाते, कधी नाही. गेली की तासाभराने येते. आता सेल अशक्तही उरले नव्हते, पूर्ण मेले होते. मी सगळी मशीनं लावायची आणि परीक्षेच्या माणसासमोर लाइट क्षणभर जाऊन यायची, एवढ्यात सगळी परत विसरली असती. आज नाही तर उद्या परीक्षेत.

मी पर्स घेऊन धावत खाली गेले. चौकात घड्याळाचं दुकान आहे. तिथल्या माणसाला सेलचा नंबर सांगितला आणि किती हवेत ते सांगितलं.

"एवढे? घरात घड्याळं किती आहेत?"

"क्लासात आहेत."

"कसला क्लास आहे, वेळ बघायचा?"

मी एरवी अशा बोलण्याने लाल होते. त्या दिवशी म्हटलं, "हो. लवकर द्या."

वर येऊन मी एकेक मशीन उघडत गेले. बोर्डावरचा जुना सेल नखाने काढायचा, नवीन बसवायचा, मशीन चालू करायचं, डिलीट, तारीख, आयडीई, एफ टेन. देशमाने बाईंनी साडीचा पदर खोचला आणि कॅबिनेटच्या मागचे स्क्रू काढायला लागल्या. "मला एवढं येतं," त्या म्हणाल्या. त्या स्क्रू काढून वाटीत टाकायच्या आणि कुठला स्क्रू कुठल्या मशीनचा यावरून स्वतःशीच भांडायच्या.

मशीनची शेवटची ओळ राहिली असताना पंखा थांबला.

दोघीही तशाच थांबलो. जिन्यातून एक मुलगी म्हणाली, "गेली."

काळ्या पडद्यांसमोर बसून वाट बघण्यासारखं वाईट काही नाही. राहिलेल्या मशीनचे सेल मी तेवढ्यात बदलून ठेवले, मोबाइलच्या उजेडात. पण जी मशीनं आधी केली होती ती टिकली असतील का, ते लाइट आल्याशिवाय कळणार नव्हतं. मी बाईंना विचारलं, "तो माणूस लाइट नसताना आला तर?"

"तर चहा पाजू. दोनदा."

तो लाइट नसतानाच आला. चहा झाला. बाईंनी त्याच्या मुलांची, गावाची, गुडघेदुखीची चौकशी केली. मी कोपऱ्यात स्क्रूची वाटी हातात घेऊन उभी होते. दुसरा चहा उकळत होता तेव्हा पंखा फिरला.

तो पहिल्या मशीनशी गेला आणि बटण दाबलं. ओळी सरकल्या. मी वाटी इतकी घट्ट धरली होती की तिची कड तळव्यात उमटली. निळं चित्र आलं. दुसरं आलं. तो पुढे जात होता आणि मी त्याच्या मागून शेवटच्या ओळीकडे सरकत होते. तिथली मशीनं अजून लावायची होती. तो प्रत्येक ठिकाणी परीक्षेचा प्रोग्रॅम उघडून, बंद करून पुढे जात होता, त्याला वेळ लागत होता. मी डिलीट, तारीख, आयडीई, एफ टेन करत होते.

"ह्या काय करतायत?" त्याने बाईंना विचारलं.

"घड्याळं लावतायत," बाई म्हणाल्या. खोटं नव्हतं.

तो शेवटच्या मशीनशी आला तेव्हा तिथे निळं चित्र नुकतंच येत होतं. त्याने कागदावर सही केली. तो जिना उतरून गेल्यावर बाईंनी दारात जाऊन हाक मारली, "या गं आत. खुर्च्या गार झाल्यात." गुडघ्यावर बोटं चालवणारी मुलगी सगळ्यात पुढे आली.

परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली. मी तिथे नव्हते. दुकानात दुसऱ्या कामात होते आणि दिवसभर फोन वाजला की दचकत होते. संध्याकाळी बाईंचा एका ओळीचा मेसेज आला, सगळ्यांचे पेपर पूर्ण झाले. तेव्हा मी डबा उघडला.

अनिकेतने त्या आठवड्यात नवीन कर्नल दिलं. त्यात दोन्ही ड्रायव्हर आहेत. कर्नल किंचित जड झालं. कुणाला काही फरक जाणवला नाही. काका डोळ्याची पट्टी सुटल्यावर दुकानात आले आणि पहिल्याच मशीनच्या शेवटच्या हाताला मला शेजारी खुर्ची घेऊन बसवलं. "बघून ठेव," म्हणाले. "मला काही झालं तर मासे विचारत फिरायला नको."

यातून मी एवढं शिकले. मशीन बंद पडलं की मी आता आधी आजूबाजूला बघते. काय आलं, काय गेलं, फर्निचर हललं का. लोक मशीनबद्दल विचारलं की म्हणतात आम्ही काहीच केलं नाही, आणि त्यांना खरंच तसं वाटत असतं. मासे धायरीला देणं म्हणजे मशीनला काही करणं, असं कुणाला वाटेल?

नवीन कर्नल घालायला मी परत वारज्याला गेले तेव्हा मेन स्विचच्या वर एक पाटी होती. बाईंच्या सुंदर अक्षरात: मेन बंद करू नये. मासे असोत वा नसोत.

मी बाईंना म्हटलं, आता पाटीची गरज नाही. सेल नवीन आहेत, कर्नलही दोन्ही मोड ओळखतं. खुशाल बंद करा.

"सेलवर माझा विश्वास आहे," बाई म्हणाल्या. "पाटीवर जास्त आहे."

पाटी अजून तिथेच आहे.